पायदानाखालची डबी

स्कूटरच्या डाव्या अंगावर, मागच्या चाकाच्या जरा वर, एक हिरवी रेघ होती. लांबी साधारण नऊ सेंटिमीटर. सुरुवातीला खोल, पुढे पुढे पुसट होत गेलेली. रंग तैलरंग होता. नखाने खरवडल्यावर भुकटी न होता बारीक पापुद्रा निघाला. ओलं फडकं मी तिच्यावरून तिसऱ्यांदा फिरवलं तरी ती गेली नाही. मग सवयीने मी बाकीचे ओरखडे मोजले. डाव्या बाजूला सात. उजव्या बाजूला एकही नाही.

"तिथे किती घासशील?" अप्पा म्हणाले. "तो चिखल नाही."

"मग काय आहे?"

"उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं असेल. लोकांना दिसत नाही हल्ली."

ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसून आऱ्यांतली माती जुन्या दातांच्या ब्रशने काढत होते. आयुधपूजेचा दिवस होता. आमच्या गल्लीत सकाळपासून पाण्याचे पाइप सुरू होते आणि गटारातून साबणाचा फेस वाहत होता. दावणगेरेत या दिवशी सायकलपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना आंघोळ मिळते. अप्पांनी आमच्या राखाडी स्कूटरला घातलेली ही तेरावी आंघोळ. मलाही त्यांनी हिच्यावरच गाडी चालवायला शिकवलं होतं.

मी हिरव्या रेघेवरचं फडकं उचललं आणि पिळलं. चौदा महिने मी एक वाक्य बोलायचं टाळत होते. ते आता त्या रेघेपाशी येऊन उभं राहिलं होतं.

गेल्या वर्षी श्रावणात मी अप्पांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, समोर बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. अप्पांना ते फार आवडलं. एकतीस वर्षं कापडगिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसाला दिवे आणि बटणं कुठेही आवडतात. पण कागदावर जो नकाशा छापून आला, त्यात डाव्या डोळ्याचा मधला नाण्याएवढा भाग सोडला तर सगळं काळं होतं. उजव्या डोळ्याचीही नाकाकडची बाजू गेली होती. म्हणजे समोरचं वर्तमानपत्र त्यांना स्वच्छ वाचता येत होतं, आणि डावीकडून आलेला माणूस अंगावर येईपर्यंत दिसत नव्हता. अप्पा बाहेर थेंब घालून डोळे मिटून बसले होते. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काचबिंदू आहे. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायचं. थेंब दोन वेळा, आणि गाडी चालवणं बंद. दोन्ही तुम्हीच सांगा, घरच्यांचं ऐकतात."

मी थेंबांचं सांगितलं.

अव्वा, माझी आई, गेल्यापासून घरातली 'नाही' म्हणायची सगळी कामं माझ्याकडे आली होती. मीठ नाही, लोणचं नाही, टेबलावर चढून पंखा पुसायचा नाही, दुपारच्या उन्हात बाजार नाही. एकेक 'नाही' म्हणताना अप्पा माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. वाद घालत नसत. वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी ज्युनियर कॉलेजात दिवसभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, संध्याकाळी घरी येते, आणि दारात स्कूटर उभी दिसली की श्वास सोडते. चौदा महिने रोज. माणूस कशाने थकतो याचं मोजमाप मला माहीत नाही, पण हा श्वास त्यात धरायला हवा.

"आत्या, अज्जा उद्या मला पुढे उभं करणार आहेत," निसर्गा म्हणाली. ती माझ्या भावाची, शशीधरची मुलगी. सहा वर्षांची. काल संध्याकाळी बापाबरोबर बेंगळुरूहून आली होती. तिची आई मधेच हरिहरला माहेरी उतरली होती. "आणि हॉर्न मी वाजवणार."

"पाच घरांना जायचंय आपल्याला," अप्पा तिला म्हणाले. "प्रत्येक घराशी दोनदा. तेवढाच. उगाच वाजवायचा नाही."

दसऱ्याला अप्पा आपल्या गिरणीतल्या सोबत्यांच्या घरी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला जातात. मी लहान असताना बावीस घरं होती. सायकलवर मला दांड्यावर बसवून न्यायचे. आता पाच उरली होती, आणि त्यातल्या एका घरातला माणूस अप्पांना ओळखत नव्हता. तरी ते जायचे, त्याच्या हातात पानं ठेवायचे, मिठी मारायचे आणि यायचे.

हॉर्नचंही मला माहीत होतं. गेल्या वर्षभरात अप्पा हॉर्न फार वाजवायला लागले होते. गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. डावीकडे काय आहे ते ते हॉर्न वाजवून विचारत होते.

पूजा झाली. देवघरासमोर लाल कापडावर अप्पांनी आपली हत्यारं मांडली: पक्कड, टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायची सुरी, टेस्टिंगचा दिवा. शेजारी माझा कॅल्क्युलेटर, घरची विळी, आणि निसर्गाचं गणिताचं पुस्तक, जे तिने स्वतःहून आणून ठेवलं होतं कारण उद्यापर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. प्रत्येक वस्तूवर अप्पांनी ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली. मग बाहेर स्कूटरला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. अप्पांनी बटण दाबून स्कूटर सुरू केली, हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली, निसर्गाने हॉर्न वाजवला. कोहळा फोडला. स्कूटर परत जागेवर लावून ते म्हणाले, "आता उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ना गाडीला, ना हत्याराला."

दुपारी पुरणाची होळिगे खाऊन घर आडवं झालं. शशी चटईवर पडून मोबाइल बघत होता. मी त्याच्याजवळ बसले आणि सात ओरखड्यांचं सांगितलं.

"मग तू सांग ना त्यांना," तो म्हणाला.

"डॉक्टरांचा कागद तुला गेल्या वर्षीच पाठवला होता."

"बघितला होता. पण मी सहा महिन्यांनी दोन दिवस येतो, अक्का. त्या दोन दिवसांत मी त्यांची गाडी काढून घेऊ? तू रोज असतेस. तुझं ऐकायची सवय आहे त्यांना."

"ऐकायची सवय त्यांना आहे. सांगायची मला नाही होत."

"हा एक दसरा होऊ दे. हळू चालवतात ते."

"निसर्गा पुढे उभी राहणार आहे."

त्याने मोबाइल छातीवर पालथा ठेवला आणि छताकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याचा श्वास झोपेचा झाला, किंवा त्याने तसा केला.

मी उठले. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते नीट विचार करून आलं नव्हतं. स्कूटर चालूच झाली नाही तर बोलावं लागणार नाही, एवढंच आलं. सणाचे दिवस, दुरुस्ती दोन दिवस नाही. निसर्गा बेंगळुरूला परत जाईल. बाकीचं मग बघू.

गाडीचं पुस्तक कपाटात अप्पांच्या पेन्शनच्या कागदांखाली होतं. त्यात लिहिलं होतं, फ्यूजची डबी सीटखाली. मी अंगणात गेले, माळ बाजूला सारून सीट उचलली. आत एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, दुसरीत पुसायचं फडकं. पेट्रोलचं झाकण. डबी नव्हती. हँडलच्या खाली, पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला बोटं घालून चाचपलं. वायरींचा एक जुडगा लागला, तो धरून वर गेले तर दिव्याशी पोचले, खाली गेले तर पायदानाशी हरवला. पुस्तक आणि वस्तू यांत फरक पडला तर वस्तू खरी मानावी, असं मी मुलांना सांगते. पण वस्तू काही सांगत नव्हती.

कोपऱ्यावर इलियासचं गॅरेज आहे. शटर अर्धं खाली होतं. आत त्याचेही पाने धुऊन पुसून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले, वर मोगऱ्याचा गजरा. तो टायरवर बसून मंडक्की, म्हणजे तिखट चुरमुरे, आणि मिरची भजी खात होता.

"या अक्का. खा थोडं. पण काम सांगू नका. आज पाना उचलायचा नाही."

"काम नाही. एक विचारायचं होतं."

"आज पाना उचलला तर उद्यापासून गिऱ्हाईक फिरकणार नाही," तो आपलंच बोलत होता. "माझ्या अब्बांनी पण कधी उचलला नाही. आणि खरं सांगू, वर्षातून एक दिवस पान्यालाही झोप लागू दे. विचारा."

"आमच्या स्कूटरची फ्यूजची डबी कुठे असते? पुस्तकात सीटखाली लिहिलंय."

"पुस्तक आधीच्या मॉडेलचं दिलं असेल. त्या वर्षी तसंच देत होते. पाय ठेवतो ना आपण, तिथलं रबर उचला. खाली झाकण आहे, एकच स्क्रू, स्टारचा. बॅटरीच्या शेजारी काळी डबी, आगपेटीएवढी. ती नखाने उघडते." त्याने मिरचीचं देठ बाजूला ठेवलं. "काय बिघडलं?"

"हॉर्न बारीक वाजतो."

"कोट्रप्पा अण्णांचा हॉर्न? परवा इथून गेले तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला."

तो माझ्याकडे बघत होता.

"अक्का, फ्यूज बघायचाय का काढायचाय?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं. मी मेकॅनिक माणूस. गाडी चालवायची कशी ते सांगतो, थांबवायची कशी ते मला कुणी विचारत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हिरवी रेघ बघितलीत ना? मंडक्कीवाल्या हनुमव्वाची हातगाडी. ती कडेला उभी होती, तिची काही चूक नव्हती. अण्णांची डावी बाजू तिला घासून गेली, त्यांना कळलंही नाही. पोतं रस्त्यावर सांडलं. आणि तीच म्हणाली, अण्णांना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना. तिच्या घरातली वायरिंग अण्णांनी फुकट करून दिली होती."

"कधीची गोष्ट?"

"तीन आठवडे झाले. मी आठवडाभर विचार करत होतो, तुम्हाला सांगावं का." त्याने मंडक्कीची पुडी माझ्यापुढे केली. "तुम्हीच सांगून टाका अक्का. फ्यूज काढून काय होतं? ते इलेक्ट्रिशियन आहेत."

मी दोन दाणे घेतले. तिखट होते. हनुमव्वाकडचेच असणार.

घरी येऊन मी पायदानाचं रबर उचललं. त्यावर सकाळच्या विभूतीचे तीन पट्टे होते, ते वाकले पण पुसले नाहीत. खाली झाकण, एक स्क्रू. मी नखकटरची कानस लावून बघितली. चमच्याचा दांडा लावला. पट्टीचं टोक लावलं. स्क्रू जागचा हलला नाही, उलट त्याच्या खाचेची एक कड झिजायला लागली. विळी पूजेत होती आणि ती चाललीही नसती. स्टारच्या स्क्रूला स्टारचाच स्क्रूड्रायव्हर लागतो.

देवघरात अप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता. लाल कापडावर पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता. माझ्या आठवणीत आमच्या घरात आयुधपूजेच्या दिवशी मांडलेली वस्तू कुणी उचलली नव्हती. मी आठवीत असताना एकदा नवमीला घरातला दिवा गेला होता, तेव्हा अप्पांनी आम्हाला रात्रभर समईच्या उजेडात बसवलं, पण टेस्टर उचलला नाही. या गोष्टींवर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तरी तो स्क्रूड्रायव्हर उचलताना मी चप्पल काढलेली आहे ना, हे खाली बघून पाहिलं.

स्क्रू सहज निघाला. झाकणाखाली बॅटरी, शेजारी काळी डबी. आगपेटीएवढी. नखाने उघडली.

फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हता. तांब्याची तार होती. घराच्या वायरमधले तीन पदर एकत्र पिळून, दोन्ही टोकांना आकडे करून, खाचेत घट्ट बसवलेली. काम सुबक होतं. पीळ सारखे होते. मी ते हात ओळखले.

अप्पा गिरणीत असताना त्यांच्या हाताखालच्या एका माणसाने पॅनेलमध्ये फ्यूजऐवजी तार टाकली होती. अप्पांनी त्याला आठ दिवस खात्याच्या दाराबाहेर स्टुलावर बसवलं होतं. घरी येऊन मला फ्यूज म्हणजे काय ते त्या दिवशी समजावलं. मी दहा वर्षांची होते. "फ्यूज कमजोर असतो म्हणून कामाचा," ते म्हणाले होते. "आधी तो जळतो आणि बाकीचं वाचतं. तार काही जळत नाही. ती शेवटपर्यंत उभी राहते आणि घर जाळते." मी पुढे भौतिकशास्त्र घेतलं त्याच्या कारणांत हे एक कारण होतं.

डबीच्या झाकणाच्या आत, डाव्या कडेला, राखीव फ्यूज होता. लाल, दहा अँपियरचा, कारखान्यातून आला तसा. धूळसुद्धा नव्हती. जुना फ्यूज जळाला तेव्हा अप्पांनी डबी उघडली होती, समोर बघितलं होतं, आणि तार पिळत बसले होते. दोन बोटांवर, डाव्या बाजूला, हवी ती वस्तू होती.

मी पायरीवर बसले. किती वेळ ते मोजलं नाही. समोरच्या घरासमोर फुटलेल्या कोहळ्यावर माश्या बसल्या होत्या. खरं तर मला तेव्हाच आत जाऊन अप्पांना उठवायला हवं होतं. पण ते झोपले होते, होळिगे खाऊन, सणाच्या दिवशी, आणि मी फार दमले होते. मी तार काढली. राखीव फ्यूजही काढला. दोन्ही माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. झाकण लावलं, स्क्रू बसवला, रबर सारखं केलं.

स्क्रूड्रायव्हर परत ठेवताना दिसलं, मुठीवरची विभूती माझ्या तळव्याने पुसली गेली होती. वाटीत ओली विभूती होती. मी तीन बोटं बुडवून तीन रेघा ओढल्या. चांगल्या आल्या, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आंघोळ करून मांडलेल्या हत्यारांची आरती केली आणि एकेक उचलून पिशवीत ठेवायला सुरुवात केली. पक्कड. टेस्टर. पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्यांनी उचलला आणि खिडकीजवळ नेला. जवळचं त्यांना फार चांगलं दिसतं. त्यांनी आपली तीन बोटं त्या तीन रेघांवर ठेवली. बोटं रेघांच्या बाहेर गेली.

"वनजा."

"हो अप्पा."

"तुझी बोटं तुझ्या अव्वासारखी आहेत. बारीक."

मी देवघरातली फुलं गोळा करत राहिले.

"पंख्याचा स्क्रू ढिला झाला होता का?" त्यांनी विचारलं. मला वाट करून देत होते, हे मला तेव्हाही कळलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. "मला उठवायचं होतं. मी सांगितलं असतं, राहू दे उद्यापर्यंत."

बन्नीची पानं कापडी पिशवीत भरून तयार होती. अप्पांनी धुवट पांढरा शर्ट घातला, कपाळाला विभूती लावली. निसर्गाने नवा झगा घातला होता आणि ती सकाळपासून दर पाच मिनिटांनी दारात जाऊन येत होती. शशी मोबाइल घेऊन फोटो काढायला फाटकाशी उभा राहिला.

अप्पांनी किल्ली फिरवली. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"काल पाणी जास्त मारलं," शशी म्हणाला.

"बॅटरी बसली असेल," अप्पा म्हणाले.

मी पायरीवर उभी होते. दोन श्वास मला फार हलकं वाटलं. वाटलं, झालं, आता रिक्षा बोलावू, मी स्वतः बरोबर जाईन, पाचही घरं करू, संध्याकाळी अप्पा माझ्यावर रागावलेले नसतील.

अप्पांनी स्कूटर मोठ्या स्टँडवर चढवली, धोतर जरा वर खोचलं आणि किक मारली. एक. दुसऱ्या किकला इंजीन सुरू झालं.

मी पंचवीस वर्षं चुंबक आणि तारेचं वेटोळं शिकवते. चुंबक फिरला की वेटोळ्यात वीज तयार होते, तिला बॅटरीची गरज नसते. आमची स्कूटर जुनी आहे. तिची ठिणगी त्या वेटोळ्यातून येते, बॅटरीतून नाही. फ्यूज काढल्याने इंजीन थांबत नाही. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गोष्टी थांबतात: सुरू करायचं बटण, वळायचे दिवे, ब्रेकचा दिवा. आणि हॉर्न. हे मला काल दुपारी कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी दोन ओळींत लिहिलं असतं.

"बघ," अप्पा निसर्गाला म्हणाले, "म्हातारी झाली तरी लाथ मारली की उठते. ये."

ती पुढे पायदानावर उभी राहिली, बरोबर त्या झाकणावर. अप्पांनी पानांची पिशवी हँडलला अडकवली. स्कूटर फाटकाच्या तोंडाशी आली. आमच्या फाटकाच्या डावीकडे भिंत आहे, तिकडून येणारं कुणालाच दिसत नाही, अप्पांना तर नाहीच. म्हणून ते तिथे नेहमी हॉर्न वाजवतात.

"वाजव," ते म्हणाले.

निसर्गाने अंगठ्याने बटण दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी.

"अज्जा, वाजत नाही."

"नीट दाब."

"दाबलं. वाजतच नाही."

अप्पांनी स्वतः दाबलं. त्यांनी मान डावीकडे वळवली, अर्धीच, आणि थांबले. मी त्यांचा चेहरा बघितला. अंधाऱ्या खोलीत हाक मारून उत्तर आलं नाही की माणूस जसा उभा राहतो, तसे ते बसले होते. त्यांच्याकडे डाव्या बाजूसाठी एवढीच एक गोष्ट उरली होती आणि ती मी काल चष्म्याच्या डबीत ठेवली होती.

"सणाचा दिवस आहे अप्पा, रस्ते रिकामे असतात," शशी म्हणाला. "हळू जा. नाहीतर निसर्गा तोंडाने वाजवेल." तो हसला आणि मोबाइल वर धरला.

"पीं," निसर्गा म्हणाली.

अप्पांनी ब्रेक सोडला. त्याच वेळी भिंतीच्या आडून पेपरवाल्याची सायकल आली, अप्पांच्या गुडघ्याला वारा लागेल इतक्या जवळून गेली, आणि तो मागे वळून ओरडला, "हॉर्न तरी मारा की अण्णा."

अप्पा दचकले नाहीत. त्यांना ती सायकल गेल्यावर दिसली.

मी पायऱ्या उतरले, स्कूटरच्या पुढे जाऊन उभी राहिले, हात लांब करून किल्ली फिरवली. इंजीन बंद झालं. शशीने मोबाइल खाली घेतला. निसर्गा माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं मी हॉर्न दुरुस्त करणार.

"काय गं?" अप्पा म्हणाले.

मी चष्म्याची डबी उघडली आणि त्यांच्या समोर धरली. समोर, बरोबर मध्ये, जिथे त्यांना दिसतं तिथे. त्यांनी आधी तार बघितली. मग माझी बोटं बघितली.

"पंखा नव्हता तर," ते म्हणाले.

"नव्हता."

"तार मीच टाकली होती. उगादीच्या आसपास. दुकान बंद होतं, दुसरा फ्यूज नव्हता."

"होता, अप्पा. हा. त्याच डबीत होता." मी लाल फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला. "झाकणाच्या डाव्या कडेला."

त्यांनी तो बोटांत धरून फिरवला, उजेडाकडे धरला, आतली बारीक पट्टी अखंड आहे का ते बघितलं. गिरणीत बघायचे तसंच. अखंड होती. मग त्यांनी मान सावकाश डावीकडे वळवली, पूर्ण, भिंतीपर्यंत, आणि परत आणली.

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी. मला बाहेर बसवून."

शशी म्हणाला, "अप्पा, घरात बसून बोलू या. लोक बघतायत."

समोरच्या ओट्यावर खरंच दोघी उभ्या होत्या, हातात बन्नी घेऊन. मी शशीकडे बघितलं नाही. मी निसर्गाला काखेत धरून पायदानावरून खाली उतरवलं. मग अप्पांसमोर हात पुढे केला, किल्लीसाठी, आणि चौदा महिने जे वाक्य रोज संध्याकाळी दारापर्यंत येऊन परत जात होतं, ते म्हटलं.

"अप्पा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही. आज नाही, उद्याही नाही, कधीच नाही. बन्नी द्यायला मी नेते तुम्हाला. मागे बसा."